नाल्याने उतरू नये: डोंगरातल्या मुक्कामाविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की सह्याद्रीत तंबू ठोकण्याचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचाही. त्यांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील अशी काही पत्रे पुढे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न (ठाणे): आम्ही चौघे मित्र डिसेंबरमध्ये हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदाच दोन रात्री तंबूत राहणार आहोत. काही परदेशी व्हिडिओ पाहून मोठा सुरा, लहान कुऱ्हाड, ठिणगी पाडणारी कांडी, दोरीचे कडे आणि पाणी गाळून पिण्याची नळी अशी सामग्री सुमारे ९,००० रुपयांना घेतली आहे. आणखी काय घ्यावे?

उत्तर: आणखी काय घ्यावे यापेक्षा यातले काय घरी ठेवावे हे आधी सांगतो. कुऱ्हाड घरीच ठेवावी. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो; तेथे लाकूड तोडणे हा गुन्हा आहे आणि जाळ पेटवण्यावरही निर्बंध आहेत. डिसेंबरमध्ये गवत वाळून कोरडे झालेले असते, त्यामुळे शेकोटीची एक ठिणगी वाऱ्याबरोबर गेली तर डोंगराची अख्खी सोंड पेटू शकते. स्वयंपाकासाठी गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारा स्टोव्ह न्यावा आणि तो मोकळ्या कातळावर पेटवावा. मोठ्या सुऱ्याचेही काम पडत नाही. कांदा चिरण्यापुरती सुरी पुरते. ठिणगीच्या कांडीऐवजी दोन लायटर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले तर काम भागते. गाळण्याची नळी मात्र जरूर न्यावी.

उरलेल्या पैशांतून प्रत्येकासाठी डोक्याला बांधायची विजेरी आणि गळ्यात अडकवायची शिट्टी घ्यावी. "प्रत्येकासाठी" या शब्दावर माझा भर आहे, कारण चौघांत दोन विजेऱ्या असल्या म्हणजे अंधारात दोघे आंधळे असतात. मोबाईलचा उजेड हा विजेरीला पर्याय नाही. तो हात अडकवतो आणि ज्या बॅटरीवर मदत मागायची तीच संपवतो. गडावर मंदिर ते कोकणकडा ही वाट दिवसा सोपी वाटते, पण सूर्यास्त पाहून परतताना पठारावरच्या ढोरवाटांमुळे ती हमखास चुकते. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर फार वेळ संधिप्रकाश राहत नाही. तेव्हा कड्यावर जातानाच मधूनमधून मागे वळून वाट परतीच्या दिशेने कशी दिसते ते पाहून ठेवावे.

तंबू कड्याच्या काठाशी लावू नये. छायाचित्र सुंदर येते हे मान्य आहे, पण कोकणातून वर उसळणारा वारा रात्री तंबूच्या खुंट्या उपटतो आणि झोपेतून लघवीला उठलेल्या माणसाला दहा पावलांवर काय आहे याचे भान नसते. काठापासून चांगले दूर, झुडपांच्या किंवा उंचवट्याच्या आडोशाला, दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस येईल असा तंबू लावावा. थंडीसाठी स्लीपिंग बॅगइतकेच महत्त्व खाली अंथरायच्या मॅटला आहे, कारण रात्री कातळ अंगातली ऊब खालून ओढून घेतो आणि वर कितीही पांघरले तरी पाठ गार पडते.

शेवटची आणि सर्वांत स्वस्त तयारी म्हणजे एक कागद. कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, किती वाजेपर्यंत फोन येईल आणि तो न आल्यास कोणी कोणाला कळवायचे, हे लिहून घरी ठेवावे आणि पाचनईत किंवा खिरेश्वरात ज्यांच्या अंगणात गाडी लावाल त्यांनाही सांगावे. शोधपथकाला सर्वाधिक वेळ माणूस उचलण्यात लागत नाही, तो कोणत्या बाजूस असेल हे ठरवण्यात लागतो.

प्रश्न (पुणे): "जंगलात हरवल्यास पाण्याचा प्रवाह शोधावा आणि त्याच्या काठाने खाली जावे, गाव सापडतेच," असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. आपल्याकडे हा नियम लागू होतो का?

उत्तर: नाही, आणि हे उत्तर मी मुद्दाम सविस्तर देत आहे. विस्तीर्ण, मंद उताराच्या प्रदेशांत तो सल्ला कदाचित बरा असेल, पण सह्याद्रीच्या कोकणाकडच्या बाजूला तो जिवावर बेतणारा आहे.

कारण डोंगराच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. त्यांतले कठीण थर झिजत नाहीत, ते उभ्या कातळभिंती होऊन राहतात. मऊ थर झिजून त्यांचे उतार आणि पदर बनतात. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, आणि त्यावरून वाहणारा प्रत्येक ओढा अशा पायरीशी आला की धबधबा होऊन खाली पडतो. हिवाळ्यात पाणी नसते एवढाच फरक. वाट चुकलेला माणूस कोरड्या नाल्यात शिरतो, कारण तेथे काटेरी झुडपे नसतात आणि चालायला सोपे जाते. आठ-दहा फुटांचा एक टप्पा तो घसरत, उडी मारत उतरतो, मग दुसरा उतरतो, आणि तिसऱ्या टप्प्याशी खाली दोनशे फुटांचा कडा असतो. मागचे टप्पे आता वर चढता येत नाहीत. दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकलेल्या अशा माणसाला ना खालून वाट असते ना वरून, शिट्टीचा आवाज घळीतच घुमत राहतो आणि मोबाईलला रेंज मिळत नाही.

मग करावे काय? वाट चुकली असे मनाला चाटून जाताच, म्हणजे पुढे गेल्यावर सापडेल अशी आशा करत आणखी अर्धा तास घालवण्याआधी, थांबावे. पाणी प्यावे, काही खावे आणि शेवटची ओळखीची खूण कोणती होती ते आठवावे. ती दहा-पंधरा मिनिटांवर असेल आणि उजेड असेल, तर आल्या वाटेने तिथवर परत जावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माणसाएवढे गवत आणि कारवी वाटा गिळून टाकतात, आणि गुरांच्या पायवाटा मळलेल्या वाटेपेक्षा जास्त ठसठशीत दिसतात. अशी वाट फुटून फुटून विरत गेली, तर ती ढोरवाट आहे असे समजावे. गावाकडची वाट सहसा विरत नाही. अशी वाट चुकण्याला जुने लोक चकवा म्हणतात, आणि चकवा लागला की बसून राहावे असेही सांगतात; कारणमीमांसा काहीही असो, सल्ला उत्तम आहे.

परत जाणे शक्य नसेल तर खाली न जाता डोंगराच्या धारेवर किंवा मोकळ्या पठारावर यावे. तेथे रेंज मिळण्याची शक्यता अधिक असते आणि शोधणाऱ्यांना माणूस दिसतो. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असल्यास ११२ या क्रमांकाला फोन लागू शकतो. बोलणे होत नसेल तर आपले अक्षांश-रेखांश साध्या संदेशाने घरी पाठवावेत. क्षीण रेंजमध्ये फोन लागत नाही तेव्हाही संदेश कधीकधी निघून जातो. तीन शिट्ट्या, थोडा विराम, पुन्हा तीन शिट्ट्या हा मदतीचा सर्वमान्य इशारा आहे. अंधार पडला की मात्र चालणे बंद करावे. सह्याद्रीत उघड्यावर काढलेली एक रात्र त्रासाची असते, पण अंधारात चुकलेले एक पाऊल भरून येत नाही. राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांच्या बचावपथकांना जोडणारे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थाही आहेत. त्यांतली माणसे आपापली कामे टाकून येतात. आपण एका जागी थांबलेले असाल तर ती आपल्यापर्यंत पोहोचतात.

प्रश्न (नाशिक): किल्ल्यांवरच्या टाक्यांचे पाणी उकळून प्यायले तर चालते का? किती वेळ उकळावे? प्रत्येकाने किती पाणी न्यावे?

उत्तर: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळावे असे सांगितले जाते, कारण तेथे पाणी कमी तापमानाला उकळते. पण महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाईच १,६४६ मीटरचे असल्याने आपल्याकडे एका मिनिटाचाच हिशेब धरावा. वीस वीस मिनिटे उकळत बसल्याने पाणी अधिक शुद्ध होत नाही, फक्त गॅस संपतो.

मात्र आधी टाके निवडावे. ज्यातून गडावरची माणसे स्वतः पाणी भरतात ते टाके कोणते हे विचारावे, कारण शेजारीशेजारी असलेल्या दोन टाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हिरवा तवंग आलेले, शेवाळाचा उग्र वास मारणारे पाणी उकळूनही घेऊ नये; जंतू मरतात, पण शेवाळाने पाण्यात सोडलेली विषारी द्रव्ये उकळल्याने जात नाहीत. गढूळ पाणी आधी चौपदरी सुती कापडातून गाळावे, तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि मगच उकळावे किंवा त्यात क्लोरीनची गोळी अथवा मेडिक्लोरचे थेंब टाकावेत. पाणी गढूळ असताना टाकलेले क्लोरीन गाळातच खर्ची पडते. औषध टाकल्यावर अर्धा तास थांबायचे असते, आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात.

प्रमाणाचे म्हणाल तर हिवाळ्यात माणशी दिवसाला तीन ते चार लिटर आणि मार्चनंतर पाच लिटरच्या खाली येऊ नये. स्वयंपाक यात धरला आहे, भांडी घासणे धरलेले नाही. मार्चअखेर अनेक गडांवरची टाकी आटतात, म्हणून गेल्या हिवाळ्यातल्या कोणाच्या तरी वर्णनावर विसंबून उन्हाळ्यात निघू नये. जुलाब किंवा उन्हाचा त्रास झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे. मीठ वाढवू नये.

प्रश्न (सोलापूर): तंबूभोवती मीठ किंवा फिनाइल टाकले तर साप येत नाहीत असे ऐकले आहे. ते खरे आहे का? साप चावलाच तर प्रथमोपचार कोणता?

उत्तर: मीठ आणि फिनाइल दोन्हींचा उपयोग नाही. साप उंदराच्या मागावर येतो आणि उंदीर आपल्या खरकट्याच्या मागावर, म्हणून उरलेले अन्न तंबूपासून दूर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हाच खरा उपाय आहे. तंबूची चेन रात्रभर पूर्ण लावलेली असावी. आपल्याकडच्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांपैकी मुक्कामाच्या दृष्टीने मण्यार सर्वांत फसवी आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चाव्याची खूण किंवा वेदना जवळजवळ नसते. पहाटे कोणाचे पोट दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर अपचन समजून ओवा देत बसू नये.

चावल्यावर कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे यांतले काहीही करू नये. अंगठ्या, कडी, घड्याळ काढावे, चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर करावा, माणसाला शक्यतो चालू देऊ नये आणि १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयाकडे निघावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष या चारही सापांवर एकत्रित चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. निघण्यापूर्वीच पायथ्यापासून जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते ते पाहून ठेवावे.

सापाविषयी सगळे विचारतात, विंचवाविषयी कोणी विचारत नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कित्येक माणसे, विशेषतः मुले, दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर ते चित्र पालटले. दंशानंतर दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, धाप अशी लक्षणे दिसली तर रुग्णालय गाठायलाच हवे. सकाळी बूट झटकूनच पायात घालावेत.

प्रश्न (सातारा): कड्यांवर मधमाश्यांची मोठी पोळी दिसतात. त्यांच्यापासून धोका किती?

उत्तर: बिबट्यापेक्षा निश्चितच अधिक. ही आग्यामोहोळे असतात. धूर, अत्तराचा उग्र वास, दगड किंवा आरडाओरड यांनी ती उठतात. पोळ्याखाली चूल, सिगारेट, फटाके काहीही नको. माश्या उठल्याच तर हात हलवत उभे न राहता डोके-तोंड कापडाने झाकून वाटेने शक्य तितके दूर जावे, आणि धावताना कड्याचे भान ठेवावे. जवळ तंबू असेल तर आत शिरून चेन लावावी. अंगात राहिलेले काटे नखाने चटकन काढावेत. पुष्कळ दंश झाले, चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

प्रश्न (पिंपरी): पवना धरणाच्या काठी मुक्कामाला असताना थंडी वाजते म्हणून आमच्या गटाने रात्री निखाऱ्यांची शेगडी तंबूत ठेवली. सकाळी तिघांचे डोके भयंकर दुखत होते आणि एकाला उलट्या झाल्या. हे धुरामुळे झाले का?

उत्तर: धूर दिसला असता तर आपण शेगडी बाहेर काढली असती, घात न दिसणाऱ्या वायूने केला असावा. निखारे अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याचीच लक्षणे आहेत, आणि पुढची पायरी म्हणजे झोपेतून न उठणे. त्या सकाळी सगळ्यांनीच डॉक्टरांकडे जायला हवे होते. तंबूत शेगडी, स्टोव्ह, कंदील यांतले काहीही पेटते ठेवू नये, झडप उघडी असली तरीही. थंडीवर उपाय हवा असेल तर गरम पाणी धातूच्या बाटलीत भरून, ती मोज्यात घालून पायाशी ठेवावी. मद्याने ऊब येते असे वाटते, पण कातडीकडे रक्त वळून शरीर उलट लवकर गार पडते. धरणाच्या पाण्यात मद्य घेऊन उतरण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी नको म्हणून सांगतो. तळाला गाळ असतो आणि काठापासून चार पावलांवर खोली एकदम वाढू शकते.

प्रश्न (चिपळूण): मुलाने ट्रेकिंगसाठी घेतलेले बरेच सामान घरी पडून आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही रात्रभर माळ्यावर बसून होतो आणि हाताशी काहीच नव्हते. हे सामान पुराच्या तयारीसाठी वापरता येईल का?

उत्तर: अवश्य येईल, आणि तंबूच्या खुंट्या सोडल्यास जवळजवळ सगळेच येईल. डोक्याची विजेरी, शिट्ट्या, क्लोरीनच्या गोळ्या, पॉवर बँक आणि पाणी न शिरणारी पिशवी हे एकत्र करून माळ्यावरच ठेवावे. खालच्या कपाटात ठेवलेली पुराची पिशवी पुरातच जाते. त्यात भर म्हणून घरातल्यांची निदान आठवड्याची औषधे, कागदपत्रांच्या प्रती, सुट्ट्या नोटा, भडंग, चिक्की, खजूर असे न शिजवता खाता येणारे पदार्थ आणि झाकणाचे दोन कॅन पाणी ठेवावे. पूर आला की सगळीकडे पाणीच पाणी असते आणि प्यायला थेंब नसतो, हे आपण अनुभवले आहेच. स्टोव्ह माळ्यावर पेटवू नये. वरच्या उत्तरातला वायू तिथेही तसाच साचतो.

पाणी अंगणात येताच विजेचा मुख्य खटका बंद करावा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावावी आणि सिलिंडर खांबाला बांधावा, कारण तो तरंगतो आणि दारे फोडतो. आपल्याकडे वाशिष्ठीला भरतीचा अडसर असतो, म्हणून पावसाच्या अंदाजाबरोबर दाभोळ खाडीच्या भरतीची वेळही पाहावी; दोन्ही एकत्र येत असतील तर अंधार पडण्याआधीच उंचावर जावे. वाहत्या पाण्यातून वाट काढू नये, वेगाने वाहणारे गुडघाभर पाणी सशक्त माणसालाही पाडते. पाणी ओसरल्यावर चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी आरोग्य केंद्रात विचारावे.

माळ्यावरून छपरावर जायला वाट आहे का, हे पत्रावरून कळत नाही. नसेल तर या उन्हाळ्यात कौले काढता येतील अशी एक जागा सुताराकडून करून घ्यावी आणि त्याच जागेखाली दोरी बांधून ठेवावी. विजेरीतले सेल बाहेर काढून वेगळ्या डबीत ठेवावेत, आत राहिले तर वर्षभरात पाझरतात. मृग निघण्याच्या आधी एकदा घालून पाहावेत.